बटणाची खुर्ची

मंगळवार, १२ मार्च

चि. थोरलीस आईचा आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक. तूही ठीकच असशील. नसतीस तर फोन करून सगळ्यांना कामाला लावलं असतंस. अक्षर वाकडं आहे, चौथीपर्यंतचंच आहे, सांभाळून घे. फोनवर बोलताना तुझा भाऊ शेजारी उभा असतो, म्हणून लिहितेय.

तू पाठवलेली खुर्ची पोचली. एक बटण दाबलं की पाय वर, दुसरं दाबलं की मागून ढकलून उभं करते. एवढी तत्परता तुझ्या बापानं जन्मात दाखवली नाही. शेजारीण म्हणाली, "आजी, राणीसारख्या बसलात की!" म्हटलं, "तू बस, मी तुझी भांडी घासते."

तुझा भाऊ बेकरीतला उरलेला केक रोज आणायचा. लोण्यानं थबथबलेला, वर साखरेचा थर. मी खायचे. आवडतो, खोटं कशाला बोलू? दुसरं करायचं तरी काय? तो आणि सून कामावर जाताना बाहेरून कुलूप लावतात. "आई, जिन्यात पडशील." डबा हाताशी ठेवून जातात. पिंजऱ्यातल्या पोपटाला निदान शिव्या तरी शिकवतात.

मध्यंतरी डॉक्टरीण येऊन गेली. म्हणाली, रक्तात साखर वाढलीय आणि मांड्या झिजल्यात. मी म्हटलं, "साखर खाते तोंडानं, त्यात मांड्यांचा काय संबंध?"

"आजी, साखरेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. ते हलले की साखर उचलतात. तुमचे बसून राहिलेत, त्यांच्यात चरबी शिरलीय. साखर दाराशी उभी आणि आत कोणी ऐकत नाही."

"म्हणजे आमच्या घरासारखंच," मी म्हटलं. तुझा भाऊ हसला नाही.

केक बंद करा आणि स्वतःच्या जोरावर उठा, असं सांगून गेली. यंत्रानं उठवलं तर मांड्यांना काय काम राहिलं?

आता जे लिहायचं टाळत होते ते. गेल्या आठवड्यात वीज गेली. मी पाय वर करून आडवी. बटण दाबतेय, खुर्ची ढिम्म. उताण्या झुरळासारखी गत. कुशीवर वळायलाही जोर नाही. माझं विव्हळणं ऐकून शेजारीण दाराबाहेरून ओरडली, "आजी, काय झालं?" किल्ली तिच्याकडे नाही, सांगून उपयोग काय? म्हटलं, "काही नाही, गाणं म्हणतेय."

सून आली तेव्हा खुर्ची ओली होती. तिनं पुसली. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तुझ्या भावाला आम्ही चहा सांडला म्हणून सांगितलं.

त्या दिवसापासून केक बंद. पण खुर्ची जागची हलत नाही. जुनी लाकडी त्यानं माळ्यावर टाकलीय. काढ म्हटलं तर म्हणतो, "ताईनं एवढ्या हौसेनं पाठवलीय, तिला काय वाटेल?" काल पलंगाच्या कडेवरून उठून पाहिलं. अर्ध्यावर आले आणि बदकन खाली बसले. पाय थरथरत राहिले. भ्याले मी.

तेव्हा तू त्याला सांग. तुला वाईट वाटणार नाही असं सांग, वाटलं तरी. एक किल्ली शेजारणीकडे ठेवायला लाव. आणि नवीन काही पाठवू नकोस, तूच ये. समोर उभी राहा, पण हात देऊ नकोस. मी शिव्या देईन, त्या ऐकून घे.

अजून पुरती खाली न बसलेली,
तुझी आई