श्रद्धांजलीच्या सोळा पानांवर छापलेल्या नावाबाबत

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी,
गिरणगाव आठवण संग्रह,
परळ, मुंबई.

विषय : श्री. विहंग प्रधान यांना दिलेली नोटीस मागे घेऊन ती अर्जदाराच्या नावे काढणेबाबत.

संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस क्र. ११/२०२५, दि. १६ जानेवारी २०२५.

महोदया,

१. अर्जदार मनमोहन भिवा घाडी हा आपल्या संग्रहात बावीस वर्षे टंकलेखक आहे. स्मरणिकेसाठी गिरणी कामगारांच्या हस्ताक्षरातल्या आठवणी त्याने दोन वर्षे बसून टंकित केल्या. पाने एकशे चौऱ्याऐंशी. काही वह्या पावसात भिजलेल्या होत्या, त्या त्याने भिंग लावून वाचल्या.

२. श्री. विहंग मागच्या जूनमध्ये रुजू झाले. पानांची मांडणी त्यांच्याकडे गेली. पहिल्या पानाच्या माथ्यावरच्या पट्टीत त्यांनी 'मांडणी : विहंग प्रधान' असे एकदा लिहिले आणि ते पुढच्या सगळ्या पानांवर आपोआप उमटले. एकशे अडुसष्ट वेळा. अर्जदाराचे नाव मलपृष्ठाच्या आत, छापखान्याच्या पत्त्याखाली, एकदा. अर्जदाराने ही मोजणी तीनदा केली, हे कबूल करण्यास त्याला लाज वाटते, तरी कबूल करीत आहे.

३. छपाईच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, अर्जदाराने ती फाइल उघडली. विहंगचे नाव खोडावे असे मनात होते. बोट कळीवर ठेवले, पण धजावला नाही. मग खाली जाता जाता शेवटची सोळा पाने दिसली. त्यांच्या माथ्यावर नुसते 'भावपूर्ण श्रद्धांजली' होते, कोणाचेच नाव नव्हते. दिवंगत सभासदांच्या छायाचित्रांवर आपले नाव नको म्हणून विहंगने ते मुद्दाम वगळले होते. अर्जदाराला मात्र रिकामी खुर्ची दिसावी तशी ती जागा दिसली. 'अक्षरजुळणी' हा शब्द ओळीत मावेना, म्हणून त्याने केवळ आपले नाव लिहिले. एकदा लिहिले, सोळा पानांवर आले. त्या क्षणी त्याला इतके समाधान वाटले की ओळ सलग वाचून पाहण्याचे सुचले नाही.

४. प्रकाशन रविवारी झाले. मंगळवारी वरळीच्या बीडीडी चाळीतल्या सभासद राधाबाई हार घेऊन अर्जदाराच्या लालबागच्या खोलीवर आल्या. दार अर्जदारानेच उघडले. बाई उंबऱ्यातच खाली बसल्या आणि म्हणाल्या, "अरे, तू आसस?" बुधवारपर्यंत आणखी सात जण येऊन गेले. अर्जदाराच्या पत्नी शकू यांनी सर्वांना चहा केला आणि रात्री भांडी घासताना एवढेच म्हणाल्या, "सोळा पानांवर नाव आलं ना? आता मिरवा."

५. दोष मात्र मांडणी करणाऱ्यावर गेला आणि नोटीस विहंगला मिळाली. ती फलकावर वाचताना अर्जदाराच्या मनात प्रथम काय आले, तेही लपवीत नाही : इथेही त्याचेच नाव वर.

६. शुक्रवारी विहंग अर्जदाराच्या टेबलापाशी आले. फाइलला शेवटचा हात कोणाचा लागला, हे संगणकावर दिसते म्हणे. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "घाडीकाका, पहिल्या पानावर तुमचं नाव मीच टाकायला हवं होतं. नोटिशीचं मी बघतो." सर्वांसमोर चार शब्द सुनावले असते तर अर्जदाराला सोपे गेले असते. तेवढे म्हणून ते खिडकीशी जाऊन चहा प्यायले, आणि अर्जदार दिवसभर एक ओळ टंकू शकला नाही. वय एकोणतीस. एवढा समजूतदारपणा त्याला या वयात कुठून आला, याचाही अर्जदाराला हेवा वाटतो.

७. सबब विनंती की, नोटीस अर्जदाराच्या नावे काढावी. ती सोळा पाने नव्याने छापावीत आणि त्यांवर कोणाचेही नाव नसावे. राधाबाईंच्या यजमानांचे छायाचित्र त्यांतल्याच एका पानावर आहे. त्यांच्या घरी नवी प्रत घेऊन अर्जदार स्वतः जाईल.

८. हा अर्ज विहंगला दाखवलेला नाही. दाखवला असता, तर त्याने नक्कीच चार ठिकाणी शुद्धलेखन सुधारून दिले असते, आणि तेही अर्जदाराला सोसले नसते.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारा नम्र,
मनमोहन भिवा घाडी
लालबाग, दि. २० जानेवारी २०२५

सोबत : स्मरणिकेच्या पृष्ठ १६९ ची छायाप्रत.