पद्माचे मासे

१२ मे १९४६, सांगली
पद्मा काल सासरी फलटणला गेली. तिचे तीन सोनेरी मासे मी ठेवून घेतले. टाकी बरोबर नेते म्हणत होती. मी साफ नाही म्हटले. उसाच्या मळ्यातल्या माणसांना माशांचे काय कळणार? मी हायस्कुलात सायन्स शिकवतो. पंचमीला माहेरी येशील तेव्हा मासे दुप्पट झालेले बघ, असा शब्द दिला. रडायची थांबली.

टाकी रस्त्याकडच्या खिडकीत ठेवली. ऊनही मिळेल, लोकही बघतील.

२ जून
काचेवर शेवाळ. घासले. विषय संपला.

५ जून
पुन्हा आले. ही म्हणते, उन्हाने होतंय, टाकी आत घ्या. हिला सायन्समधले काय कळते? शेजारचे आप्पासो खिडकीशी थांबून म्हणाले, "मास्तर, मासं कुठं हायती? निस्ती भाजीच दिसतीया." मी हसलो. संताप आला होता.

२३ जून
राख, काथ्या, तुरटी. शेवाळ ढिम्म. पद्माचे पत्र, तेही आईला. मासे कसे आहेत? मला विचारायला काय झाले होते? 'उत्तम' असे हिला लिहायला लावले.

१४ जुलै
डोके चालवले. पिण्याचे पाणी आपण तांब्याच्या हंड्यात का भरतो? शुद्ध राहते म्हणून. मग माशांनी काय घोडे मारले? हंडा चिंचेने घासला, त्यातले पाणी टाकीत ओतले. देवाचे ताम्हण आणि पळीही तळाशी ठेवली. ही म्हणाली, अहो, तांब्यात ताकसुद्धा कळकतं, हे तर जीव आहेत. ताक आणि मासे यांतला फरक हिला कोण समजावणार.

२७ जुलै
शेवाळ मेले. मी जिंकलो. मासे सारखे वर येऊन तोंड उघडतात. खूश दिसतात.

१ ऑगस्ट
एक मासा आडवा तरंगतो आहे. विश्रांती असावी. ही जेवली नाही.

२ ऑगस्ट, नागपंचमी
तिन्ही गेले.

पद्मा सकाळच्या मोटारीने आली. हातात झाकणाची रिकामी बादली. माहेरी येताना बादली कशाला, ते कळेना. पाय न धुता टाकीपाशी गेली. मी म्हटले, पाणी तरी बघ, आरपार रस्ता दिसतो. ती रस्त्याकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "तात्या, मामंजींनी परसातला हौद धुऊन ठेवलाय. मी न्यायला आले होते."

मला फार वाईट वाटले. पण बोललो एवढेच, की हौदात मांजर जाते.

मासे पुरायला कुदळ घेतली, तर हिने अडवले. आज पंचमी, जमीन खणायची नाही. तेव्हा उद्यापर्यंत ते केळीच्या पानात गुंडाळून पद्माच्या बादलीत आहेत. ती उद्याच परत जाते म्हणते.

संध्याकाळी आप्पासो खिडकीशी थांबले. "आता कसं लय झ्याक दिसतंय, मास्तर."

टाकी आत घेतली.