एकोणीस कलमे मुखोद्गत

३ मार्च, मंगळवार

स्वस्ति श्री! रेषाधिराज, नकाशामार्तंड, नगररचना कचेरीचे सव्वीस वर्षे आद्य आरेखक, उदरविस्तारसम्राट, एकपत्नीव्रती (नाइलाजाने) अशा आम्ही आज दुपारी बारा वाजता वाहनसंन्यास घेतला. आज्ञा नेत्रवैद्यांची. बाई वयाने आमच्या निम्म्या, पण निकाल दिला न्यायाधीशासारखा— "दृष्टीचा मधला भाग जातोय. गाडी आजपासून बंद. पुढे वाचन जाईल, मग चेहरे. कडेकडेचं दिसत राहील."

"अवधी किती?"

"वर्ष. कदाचित कमी."

म्हणजे समास शिल्लक, मजकूर गायब!

विनोद जमला. अक्षरे बोराएवढी काढतो आहे, तरी ओळ ओळीवर चढते.

हिला सांगितलेले नाही.

५ मार्च, गुरुवार

का नाही सांगितले, ते निदान या पानाला सांगावे. सासरे अखेरची अकरा वर्षे आंधळे होते. शाळा, बाजार, दवाखाना— सर्वत्र ही त्यांचा हात धरून. लग्नाच्या दिवशीसुद्धा हिच्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ होते. एकदा हसत म्हणाली होती, "आता कुणाचा हात धरीन तो फिरायला म्हणून. न्यायला म्हणून नाही!"

सबब महानिर्णय— शहराबाहेरचे हे घर सोडायचे. जिथे सर्व काही पायी गाठता येते अशा वस्तीत भाड्याने राहायचे, आणि डोळे आहेत तोवर ती वस्ती पाठ करायची. मग हिला कधी कळणारच नाही.

हिला कारण सांगितले, पोट; पायी चालून उतरवायचे.

"बावीस वर्षं कानीकपाळी ओरडतेय. आजच कसा साक्षात्कार झाला?"

८ मार्च, रविवार

घर पाहिले. दुसरा मजला, बावीस पायऱ्या. पावाचे दुकान एकशे चाळीस पावले, औषधांचे तीनशे दहा, कचेरी एकोणीसशे. ही खिडकीपाशी उभी राहून म्हणाली, "उजेड छान आहे."

मालकीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचा एक दंडक आहे— भाडेकरूने संपूर्ण करारनामा त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायचा, मगच किल्ली. "न वाचता सही करणारेच पुढे भांडतात," म्हणाल्या. एकोणीस कलमे, अक्षरे मुंगीच्या पिलाएवढी! शनिवारची मुदत आणि 'अध्ययनार्थ' एक प्रत मागून घेतली.

११ मार्च, बुधवार

कचेरीत शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडून कलमे वाचून घेतो आहे. चष्मा विसरलो, म्हटले.

"कालही विसरला होतात."

"आम्ही विस्मरणात सातत्य राखतो."

हसल्या. मग टक लावून पाहिले असावे. नक्की सांगता येत नाही. पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या जागी हल्ली डाग असतो.

चौदा कलमे मुखोद्गत.

संध्याकाळी नव्या वस्तीत एकट्याने तालीम. चौकातला दिवा दिसेना, म्हणून पुढच्या माणसामागोमाग रस्त्यात उतरलो. तो पळत ओलांडणारा निघाला! कर्कश ब्रेक, गुडघ्याला गरम हवा. चालक ओरडला, "ओ काका, डोळे आहेत की बटणं?"

कठड्यावर बसून राहिलो. पावलांचा आकडा विसरलो. कुठल्या बाजूने आलो, तेही.

१३ मार्च, शुक्रवार

एकोणीसही पाठ.

१४ मार्च, शनिवार

वाचन झाले. मुख्याध्यापिका खुर्चीत ताठ, ही माझ्या डाव्या हाताला. कागद हाती धरून धो धो वाचत सुटलो— स्वल्पविरामासकट! नववे कलम, दहावे, अकरावे. "वा, उच्चार स्पष्ट आहेत," बाई म्हणाल्या. आम्ही फुगलो.

बारावे अर्ध्यावर आले, आणि हिचा हात पुढे आला. माझ्या हातातले पान हिने हळूच उलटले.

पहिले पान सातव्या कलमालाच संपत होते.

जीभ पाठावर चालत राहिली. आतून मी थिजलो. हिने कागदावर बोट ठेवले आणि माझ्या शब्दांबरोबर ते ओळीओळीने सरकवत नेले, एकोणिसाव्यापर्यंत. मान वळवून हिचा चेहरा कडेने पाहिला. रडत नव्हती. रागही दिसेना. काहीच कळले नाही. त्या न कळण्याचीच जास्त भीती वाटली.

सही झाली. किल्ली मिळाली.

२२ मार्च, रविवार

आजपासून अक्षर हिचे. मी सांगतो, ही लिहिते. म्हणते, "अकरा वर्षं बाबांबरोबर चालले मी. दिसेनासं झालं की पाऊल कसं पडतं, ते मला कळणार नाही? लंगडे बहाणे करत होतात, म्हणून तुम्ही स्वतःहून सांगायची वाट बघत होते." आणि हेही लिहून ठेवते आहे की हिलाही फार भीती वाटते.

दरम्यान, नव्या घराच्या स्वयंपाकघरातला मधला खण गुडघा लावल्याशिवाय उघडत नाही. मुख्याध्यापिकाबाई म्हणतात, "तो तसाच आहे." तसाच म्हणजे कसा? एकोणीस कलमांत खणाबद्दल एक अक्षर नाही!