हिरव्या जाकिटाची हकिगत

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात घालायची सोय नाही. पक्षी बघायच्या आमच्या खोपटात पाय पसरायचे तर दार उघडावं लागतं आणि दार उघडलं की ज्यांना बघायचं ते उडून जातात.) तुमची कंबर काय म्हणते? शिलाईच्या मशीनवर बसताना उशी घेता की शेजारच्यांना दाखवायला नुसती खुर्चीवर ठेवता? मामींचा खोकला थांबला असेल. माझी तब्येत ठणठणीत आहे. तब्येत सोडून बाकी सगळं बिघडलंय, ते सविस्तर लिहितो. गिऱ्हाईक नसताना वाचा, आणि मोठ्यानं वाचू नका.

पक्ष्यांचं गाणं ऐकायला एवढं शिक्षण कशाला लागतं, असं तुम्ही दर पत्रात विचारता. ऐकायला लागत नाहीच. कोणता पक्षी कोणत्या फांदीवर, किती वाजता, कोणाकडे बघून गायला, ते वहीत मांडायला लागतं. आमच्या केंद्रात सात विद्वान (मला धरून, धरावं की नाही याचा विचार सध्या वरच्या पातळीवर चालू आहे) सकाळभर हेच मांडतात आणि दुपारभर दुसऱ्यानं मांडलेलं कसं चुकलं ते सांगतात. पक्षी मूठभर, राखाडी, सगळे एका साच्यातले. म्हणून प्रत्येकाच्या पायात दोन रंगीत कडी घालतात. वर लाल खाली हिरवं हा एक गृहस्थ, वर हिरवं खाली लाल हा त्याचा शेजारी. सोपं काम आहे, डोळे असलेला कोणीही करेल, असं सर मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

सर म्हणजे केंद्राचे प्रमुख. हा पक्षी जन्मभर एकाच जोडीदाराशी एकनिष्ठ राहतो, हे त्यांनी तीस वर्षं लिहिलं आणि आम्ही पाठ केलं. मी दोन हंगाम खोपटात बसून वेगळंच पाहिलं. वर लाल खाली हिरवं हे गृहस्थ ओढ्याकाठी एक संसार करत होते आणि टेकडीवर दुसरा, आणि दोन्ही घरी गाणंसुद्धा वेगळं. कधी कधी तर पाच मिनिटांत ते दोन्हीकडे हजर. (एवढी चपळाई मूठभर पक्ष्याला कशी जमते हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी ती चपळाई स्वतंत्र प्रकरणात मांडली.) सरांचं तीस वर्षांचं म्हणणं माझ्या वह्यांनी खोटं पाडलं, तेव्हा सर तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी तो शोध त्यांचा झाला. पाचव्या दिवशी त्यांनी माझा प्रबंध तपासायला परीक्षक बोलावले, म्हणजे पदवी मला आणि कीर्ती त्यांना.

आता तुमचा संबंध येतो. झाडीत मिसळून जाईल असं गर्द हिरवं जाकीट मी तुमच्याकडे मागितलं होतं, आणि तुम्ही ते शिवून पाठवलंत. सोबत चिठ्ठी होती, मामी बहिणीकडे गेल्यात म्हणून कापड स्वतः पारखून घेतलं. शिलाईला तोड नाही. खिशात पेन, वही, दुर्बीण आणि डबा, सगळं मावतं. दोन हंगाम मी ते अंगातून काढलं नाही. गेल्या आठवड्यात परीक्षक बाई खोपटात शिरल्या, त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, की पक्षी बघायला लालभडक जाकीट घालण्यामागे काय विचार आहे. मी हसलो. म्हणालो, बाई, हे हिरवं आहे. खोपटात दुसरं कोणी हसलं नाही.

तुम्ही म्हणाल, दोन वर्षांत एकही माणूस बोलला कसा नाही. मामा, विद्वानांच्या गावात तसं कोणी बोलत नाही. सगळ्यांना वाटलं, लाल रंग हा माझ्या प्रयोगाचा भाग असेल, आणि न समजलेल्या प्रयोगाबद्दल विचारणं म्हणजे आपलं अज्ञान चव्हाट्यावर आणणं. सरांनी तर वार्षिक अहवालात लिहूनही टाकलंय, की पक्ष्यांना लाल वस्त्राची सवय व्हायला अकरा दिवस लागतात. बाईंनी पुढचा प्रश्न जाकिटाबद्दल विचारलाच नाही. त्यांनी समोरच्या फांदीकडे बोट दाखवलं आणि कड्यांचे रंग सांगा म्हणाल्या. मी सांगितले. त्यांनी दुसऱ्या फांदीकडे दाखवलं. तिथेही तेच सांगितले, वर लाल खाली हिरवं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

तर गृहस्थ एक नव्हते, दोन होते, आणि दोघेही आपापल्या घरी सुखानं नांदत होते. दोन वर्षं त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले ते मी. सरांचं म्हणणं आता असं, की मी वह्या घरबसल्या भरल्या आणि अंगाशी आल्यावर डोळ्यांचं निमित्त काढलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचायला लावले, त्यात मी सपशेल नापास झालो. तो कागद सरांपुढे ठेवला, तर सर म्हणाले, नापास काय, कोणीही ठरवून होऊ शकतो. खोपटात कॅमेरा होता, त्याच्यावरून सगळ्या नोंदी नव्यानं करता येतील, पण मी लबाड नाही, नुसता आंधळा आहे, हे सिद्ध झालं तरच. नाहीतर सोमवारी सामान बांधायचं. मामा, मला हसू येत नाहीये. ती दोन वर्षं मी खरोखर तिथे बसलो होतो.

तरी काळजी नसावी. आईला यातलं काही कळवू नका. मोठ्यांना नमस्कार, मामींना विशेष.

तुमचा,
लाल जाकीटवाला भाचा

ता. क. १ : डॉक्टर म्हणाले, लाल-हिरवं वेगळं न दिसण्याचा हा दोष आईच्या माहेराकडून येतो, आणि मामालाही असला तर कोणी शंका घेणार नाही. मी तुम्हाला कधी विचारलं नाही, तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. पण मशीनमध्ये कापडाच्या रंगाचा दोरा ओवायला तुम्ही दर वेळी मामींना हाक मारता आणि लोक म्हणतात, काय हे प्रेम. तुमचा डॉक्टरी दाखला हवा आहे. तीस वर्षं झाकलेलं उघडं करा असं सांगायला जीभ रेटत नव्हती, म्हणून एवढं पाल्हाळ लावलं.

ता. क. २ : धीर धरवला नाही म्हणून मी चार दिवसांपूर्वीच मामींनाही लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आत्ता आलं. तुमच्या चष्म्याचा नंबर वाढलाय असं सांगून त्या तुम्हाला शनिवारी डॉक्टरांकडे नेणार आहेत. निमूट जा.

ता. क. ३ : मामींना लग्नाच्या पाचव्या दिवसापासून माहीत आहे. ते तुम्हाला कळू देऊ नकोस असं त्यांनी दोनदा बजावलंय, तेव्हा हा ता. क. तुम्ही वाचलेला नाही. त्या लिहितात, ‘त्यांना कळलं तर उद्याच रिळांना रंगांच्या चिठ्ठ्या लावतील, आणि मग मला दुकानात हाक कोण मारणार?’