गवंड्याचं नाव

बाबा,

परवा अजिंठ्याला जाऊन आलो. सोबत माझा शाळेपासूनचा दोस्त होता, ज्याला तुम्ही एकदा आपल्या दारातून परत पाठवलं होतं, तोच. त्याची जुनी जीप अजून शेलूबाजार ते मंगरूळपीर सवाऱ्या मारते. दोन दिवस तिला सुट्टी दिली आणि अनसिंगहून सकाळीच निघालो. मेहकर, चिखली, बुलडाणा करत दुपारपर्यंत लेण्यांच्या पायथ्याशी पोचलो. रस्ताभर तो गाडीच्या खोड्या सांगत होता आणि मी मनातल्या मनात एकच वाक्य घोळवत होतो. ते खरं तर तुम्हाला सांगायचं होतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता निदान त्याला तरी सांगावं, म्हणून ही सहल काढली होती. निघायच्या आधी "या वयात तुले लेण्याइचं काय सुचलं?" एवढंच त्यानं विचारलं आणि टाकी भरून आणली.

सातवीतली सहल तुम्हाला आठवत असेल. त्याच वर्षी आपल्या वस्तीतला विहार तुम्ही बांधला होता, दिवसभर दुसऱ्यांची कामं करून, संध्याकाळी, मजुरी न घेता. उद्घाटनाला संगमरवरी पाटी लागली. तिच्यावर देणगीदारांची नावं, पाहुण्यांचं नाव, सिमेंट देणाऱ्याचंसुद्धा नाव. तुमचं नव्हतं. आई दोन दिवस धुसफुसत होती, तुम्ही मात्र पाटी सरळ बसली म्हणून खूश. मला ते फार लागलं. आणि दोनच महिन्यांनी अजिंठ्याला आमचे गुरुजी भिंतीवरची झिजलेली अक्षरं दाखवून सांगतात की ही दान देणाऱ्यांची नावं आहेत. मी विचारलं, "अन् गुरुजी, ज्यानं कोरलं त्याचं?" ते म्हणाले, "त्यांची नावं कोणालाच ठाऊक नाहीत." मग शेवटाकडच्या एका अर्धवट राहिलेल्या लेण्यात, सगळे पुढं गेल्यावर, कंपासपेटीतलं कर्कटक काढून मी खांबावर तुमचं नाव कोरलं. तो दाराशी पहारा देत उभा होता. तुमचं नाव, आजोबांचं, आडनाव, आणि खाली 'गवंडी'. तो दगड कसला कोरला जातोय, नुसत्या पांढऱ्या रेघा उठल्या. पण मला वाटलं, झालं काम, आता हजार वर्षं बघायला नको.

पोरं मोजायला मागं फिरलेल्या गुरुजींनी ते लिहिलेलं पाहिलं, लिहिणारा नाही. पुढच्या आठवडी बाजारात तुम्हाला गाठून सगळं सांगितलं, अगदी कायकाय लिहिलंय ते. त्या संध्याकाळी आई भाकरी थापते आहे. तुम्ही चुलीपाशी बसून हातांना तेल चोळता आहात, सिमेंटनं ते बारा महिने फुटलेलेच असायचे. आवाज न चढवता तुम्ही म्हणालात, "कोणाच्या कामावर रेघ मारू नाई. ज्यानं मारली त्याले काम म्हंजे काय थे ठावं नाई. कोणं लिवलं?" बाबा, मार बसला असता तरी मी खरं सांगितलं असतं. पण मला काम म्हणजे काय ते कळत नाही, हे तुमच्या तोंडून ऐकवेना. मी त्याचं नाव घेतलं. म्हटलं, मला चिडवायला लिहिलं.

आणि ते पटण्यासारखंही होतं. एकमेकांच्या बापाच्या नावानं चिडवायची आमच्या शाळेत रीतच होती, मधल्या सुट्टीत अर्ध्या गावाचे बाप मैदानावर धावत असायचे. पण तो शेतीवाल्या मोठ्या घरचा आणि आपण विहाराकडचे. त्या घरच्या पोरानं बुद्धाच्या लेण्यात तुमच्या नावाची थट्टा केली, असा त्याचा अर्थ झाला. तुमचा चेहरा उतरलेला मी पाहिला आणि तरी भाकरी खात राहिलो. दुसऱ्या दिवशी तो खेळायला बोलवायला आला, तेव्हा तुम्ही दारातच म्हणालात, "तू इकडं येत जाऊ नको, बापू." तो आल्या वाटेनं परत गेला. शाळेत मात्र माझ्या शेजारीच बसत राहिला. सहा-सात महिन्यांनी तुम्हीच एके दिवशी मला म्हणालात, त्याला जेवायला घेऊन ये. मला वाटलं, विसरलात. सुटलो, असंही वाटलं, पण ते सुटणं काही खरं नव्हतं.

परवा पाहिलं, त्या लेण्यात आता कठडा आहे आणि खुर्चीवर पहारेकरी बसलेला. आम्ही दोघं कठड्यावरून माना लांब करून एकेक खांब पाहत होतो. कुठंच काही नव्हतं. मग बाहेर पायरीवर बसल्यावर मी त्याला सांगितलं, "तुले बाबानं दारातून परत पाठवलं ना, थे माह्यामुळं. मी तुह्यं नाव सांगतलं होतं." तो बुटातला खडा काढत होता. म्हणाला, "मले त्याच वर्षी समजलं."

मग त्यानं सांगितलं ते असं. त्या उन्हाळ्यात तुम्ही त्याच्याकडं गोठ्याची भिंत बांधत होता आणि तो पाणी आणून देत होता. तुम्ही अचानक विचारलंत, "माह्यं पुरं नाव सांग बरं." तो म्हणाला, मिस्त्रीकाका. तुम्ही म्हणालात, पुरं. तुमचं नाव-आडनाव त्यानं शाळेच्या हजेरीवरून सांगितलं, पण खांबावर होतं ते आजोबांचं नाव त्याला कुठून माहीत असणार? "थापी हातातच राह्यली त्याइच्या," तो म्हणाला. "मंग मले म्हणे, माह्यी चूक झाली, बापू. घरी येत जाय. पण पोराले काही सांगू नको, त्याचा तो सांगन मले, मी वाट पाहून राह्यलो."

"मंग तू इतके वर्ष काहून नाही बोलला?"

"त्याइनं नाही म्हटलं होतं ना. आज तू बोलला, मंग मी बोललो. चाल आता, चहा पाज."

बाबा, मी तिथंच पायरीवर हसायला लागलो आणि हसता हसता रडू आलं. तो अपमान मनात ठेवून तुम्ही गेलात, असं मी इतकी वर्षं समजत होतो. तुम्ही तर त्याच उन्हाळ्यात मोकळे झाला होता, अडकून पडलो होतो मी एकटा. परतीच्या वाटेवर चिखलीपर्यंत छान झोप लागली, चालत्या जीपमध्ये मला कधी झोप येत नाही. तुम्ही वाट पाहत राहिलात आणि मी आलो नाही, हे मात्र राहीलच, त्याला आता इलाज नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तुमचा पत्ता माझ्याकडं नाही. पण तुम्ही विचारलं होतं, म्हणून सांगतो. ते मी लिहिलं होतं. चूक होती, पटतंय. तरी खांबावर काहीच दिसलं नाही, तेव्हा आधी मला वाईट वाटलं, आणि सुटल्यासारखं नंतर.