एकही गोळी चुकली नाही

दादा,

हे पत्र पाठवायची हिंमत मला व्हायची नाही, तरी लिहितेय.

आपल्या औषधाच्या पेट्या परत येतायत. गोळीची वेळ झाली की पेटी वाजते, पण म्हाताऱ्या माणसांना ती ऐकूच येत नाही. तू मात्र प्रत्येकाला ठणकावतोस, "आमच्या आईला महिनाभर ऐकू येत होती!"

नव्हती येत रे.

पेटी बाजारात आणायची तारीख तू चार वेळा पुढे ढकललीस. कधी रंग आवडला नाही, कधी झाकण. मग म्हणालास, महिनाभर आईची एकही गोळी चुकली नाही, तरच बाजारात आणू. आठव्या दिवशीच चुकली. तुला सांगितलं असतं, तर आणखी सहा महिने गेले असते. मी पार विटले होते. म्हणून ती चूक तक्त्यात लिहिलीच नाही, आणि त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ आईला फोन करून मीच गोळी घ्यायला लावली. तुला निर्दोष महिना हवा होता ना? तो दिला. तू त्याचा तक्ता फ्रेम करून ऑफिसात लावलास.

काल आईकडे गेले. पेटीत चार दिवसांच्या गोळ्या तशाच होत्या.

"पेटी विकायला काढलीत," आई म्हणाली, "आणि तुझा फोन यायचाच बंद झाला गं."

तुझ्यावर चिडलेली आणि तुझ्यापासून तोंड लपवणारी,
धाकटी