गोळी काहून बंद केली

बाबा, आज परत तेच झालं. समता कॉलनीतल्या माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ आले, टेबलावर रिपोर्ट आपटला आणि हिंदीत म्हणाले, तुमच्या गोळीनं किडनी आणखी बिघडली, म्हणून मी ती बंद केली. मी त्यांच्यावर अशी उखडले की बाहेरचे पेशंट दारातून डोकावायला लागले. त्या बिचाऱ्यांना काय माहीत, मी कुणाला बोलत होते ते.

तुम्हाला कळलं नसतं तर मी समजून घेतलं असतं. पण सिलतऱ्याच्या कारखान्यात तुम्ही आयुष्यभर बॉयलर सांभाळला. प्रेशरचा काटा जरा हलला तरी डबा अर्धा टाकून उठणारा माणूस. आणि स्वतःचं बीपी मोजायचं म्हटलं की, मले काही होऊन नाही राहिलं. लघवीला फेस येत होता, घोटे सुजत होते, तरी तुम्हाला काही होत नव्हतं.

तो रविवार मला स्पष्ट दिसतो. आई पोळ्या लाटते आहे, तुम्ही जेवायला बसला आहात आणि नुकतीच डॉक्टर झालेली मी तुमच्याच ताटातल्या वरणात बोटानं रेघा ओढून सांगते आहे. किडनीत लाखो बारीक गाळण्या असतात. एका नळीनं रक्त आत येतं, दुसरीनं बाहेर जातं आणि मधल्या दाबानं ते गाळलं जातं. दाब वाढला की आत येणारी नळी आवळते, कमी झाला की सैल होते. फारच कमी वाटला तर किडनी रक्तात असं काही सोडते की सगळ्या अंगाचं बीपी वर चढतं आणि मीठ-पाणी शरीरात धरून ठेवलं जातं. पण वर्षानुवर्षं बीपी जास्त राहिलं की नळ्या कडक आणि अरुंद होतात. गाळण्यांपाशी रक्त कमी पोचतं, किडनीला वाटतं दाबच कमी आहे, आणि ती तो आणखी वाढवते.

तुमचा घास हातातच राहिला.

"म्हणजे काटाच बिघडला. प्रेशर जास्त आहे अन् हा कमी दाखवून राहिला."

"हव. अन् त्याचंच ऐकून प्रेशर अजून वाढते."

मला इतका आनंद झाला होता, बाबा. कॉलेजातल्या पोरांनाही जे समजायला वेळ लागायचा, ते तुम्ही जेवता जेवता धरलंत. मग मी गोळीचं सांगितलं. ती बाहेर जाणारी नळी सैल करते, गाळणीवरचा ताण उतरतो. त्यामुळे सुरुवातीला गाळणं जरा कमी होऊन क्रिएटिनिनचा, म्हणजे रक्तात उरलेल्या कचऱ्याचा, आकडा थोडा वाढेल, तेवढं चालतं, घाबरायचं नाही, हेही सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत.

आकडा वाढला, मी म्हटलं होतं तेवढाच. आणि तुम्ही कुणाला न सांगता गोळी सोडलीत. मला कळलं ते तोंड सुजून धाप लागली तेव्हा. दवाखान्यातल्या खाटेपाशी उभी राहून मी विचारलं, काहून बंद केली?

"आकडा वर जाऊन राहिला होता," तुम्ही म्हणालात. "मी हात बांधून कसा बसू?"

काटा चढला की काहीतरी बंद करायचं, हेच तुम्ही जन्मभर केलं होतं. पुढे डायलिसिस सुरू झालं आणि तिथल्या मशीनच्या प्रेशरवर तुमची बारीक नजर. सिस्टरनं लक्ष दिलं नाही तर तुम्ही तिला हाक मारायचात. तुम्ही गेलात त्याला आता कितीतरी वर्षं झाली, आणि माझी चिडचिड काही उतरत नाही.

त्या गृहस्थांना मी शेवटी पाणी दिलं आणि सगळं पहिल्यापासून समजावलं. ते हो म्हणून गेले. गोळी घेतील की नाही, देव जाणे.

हे पाठवायचं नाहीच आहे. फक्त एक सांगते. गाडी चालवताना मी अजून तुमच्याशी यावरून भांडते. हल्ली दर वेळी मीच जिंकते, आणि ते मला अजिबात आवडत नाही.